कापलेलं पाकीट

मागच्या फाल्गुनातली गोष्ट. दुपारचे दोन वाजले होते. बाजार समितीकडं हळदीच्या गाड्यांची रांग, रस्त्यावर पिवळी धूळ, दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून मी जेवणाचा डबा उघडला होता. तेवढ्यात एक जण मोटारसायकल चालूच ठेवून पायरी चढला. मागं त्याची बायको लेकरू मांडीवर घेऊन बसलेली. त्यानं काउंटरवर गोळ्यांच्या पाकिटाचा एक तुकडा ठेवला आणि विचारलं, "ताई, ही कशाची गोळी हाय?"

तुकडा बोटभर. खळगे चार, चारही रिकामे. उलटून पाहिलं. नाव नाही, तारीख नाही, कडेला कुठल्या तरी शब्दाची दोन अक्षरं तेवढी उरलेली. बाकीचं नाव पाकिटाच्या दुसऱ्या तुकड्यावर गेलेलं. आणि तो तुकडा ज्यानं कापला त्याची कात्री तिरपी चालली होती. माझ्या अंगठ्यात जुनं दुखणं आहे, म्हणून मी कात्री तिरपी चालवते. ते पाकीट मीच कापलं होतं.

आई-बाबांनो, आज तुमच्याशी बोलायला बसले आहे ती त्या तुकड्यामुळं. वीसेक वर्षं मी वसमतमध्ये मेडिकल चालवते. औषध कसं ठेवावं हे लोकांना शिकवणारी मी, आणि लेकरानं काय खाल्लं हे त्याच्या बापाला कळू नये अशी सोय करून देणारीही मीच.

कापल्याच्या खुणेवरून मला माणूस आठवला म्हणून बरं. त्या लेकराचे आजोबा, अप्पा, दर बाजाराला येतात आणि आठवड्याच्या सात गोळ्या नेतात. एकदम पंधरा न्या म्हटलं तर म्हणतात, "पुढल्या बाजाराला मी हाय का नाही, कुणी बघितलं?" गोळी मधुमेहाची. आमच्याकडं तिला 'शुगरची गोळी' म्हणतात. आता तीन वर्षांच्या पोरानं 'शुगरची गोळी' ऐकली, तर त्यानं काय समजावं?

लेकरू तर मजेत होतं. गाडीच्या चावीशी खेळत होतं. बाप म्हणाला, "खेळतंय की चांगलं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू का, आन् नेऊ घरी?" मी म्हटलं, मिठाचं पाणी नको, घरही नको, आधी दवाखाना. ही गोळी शरीरातलं इन्सुलिन वाढवते. म्हाताऱ्याची वाढलेली साखर ती खाली आणते, लेकराची मुळात ठीक असलेली साखरही तशीच खाली नेते. ते लगेच होतं असं नाही. कधी काही तासांनी होतं, कधी रात्री लेकरू झोपल्यावर. झोपलेलं लेकरू बेशुद्ध आहे की झोपलंय, हे आईला तरी कसं कळणार? म्हणून अशी एक गोळी जरी पोटात गेली असेल, तरी डॉक्टर लेकराला दिवसभर, रात्रभर डोळ्यांसमोर ठेवतात आणि पुन्हा पुन्हा रक्तातली साखर पाहतात.

मी गोळीचं पूर्ण नाव आणि तिची ताकद चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिली. इथल्या दवाखान्यातून त्यांना नांदेडला, विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. संध्याकाळी साखर घसरलीच. पण तेव्हा लेकरू दवाखान्यात होतं, हाताला सुई होती, ग्लुकोजची सलाईन तयार होती. तिसऱ्या दिवशी घरी आलं. त्या रात्री मी दुकान बंद करून शटरपाशी बराच वेळ उभी होते, एवढंच सांगते.

आता, चूक कुणाची? सून म्हणाली असेल अप्पांची. अप्पा म्हणाले असतील पोराची. पोरगं खोडकर म्हणून गोळ्या खातं हे मला मात्र पटत नाही. लेकराला गोळी सापडते ती घरातल्या सगळ्यांत मायेच्या जागी सापडते. आजीची कमरेची पिशवी, आजोबांची उशी, देवघराचा कोनाडा, आईची पर्स, टीव्हीशेजारी चार्जरची जागा. जिथं हात घातला की रोज काहीतरी गोड निघतं, नेमक्या त्याच जागी आपण गोळ्या ठेवतो. शिवाय म्हाताऱ्या माणसांना पाकिटातून गोळी काढणं जमत नाही, माझ्याही अंगठ्याला जमत नाही. म्हणून ते सगळ्या गोळ्या एकदम सोलून सुपारीच्या डबीत भरतात. झालं, उरलंसुरलं नावही गेलं. अमेरिकेनं १९७० साली कायदाच केला आणि लेकरांना उघडता येणार नाहीत अशी टोपणं औषधांच्या बाटल्यांना लावायला सांगितली. आपल्याकडं तशी टोपणं फार थोड्या बाटल्यांना दिसतात. आणि पाकिटाला तर टोपणच नसतं, लेकराला दात मात्र असतात.

हळदीचा हंगाम मी वेगळा सांगते, कारण त्याची मला भीती वाटते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, छान झालं, आपण सगळ्यांनी पेढे वाटले. पण हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, तर त्या दोन-अडीच महिन्यांत तरणी माणसं पहाटे शेतात जातात ती दिवेलागणीला येतात. घरी लेकरं कुणाजवळ? आजी-आजोबांजवळ. म्हणजे घरात ज्यांच्याकडं सगळ्यांत जास्त गोळ्या, त्यांच्याच मांडीवर सगळ्यांत लहान लेकरू. त्यात दुपारी आजीचा डोळा लागतो. तिला बोल लावू नका. तिच्या गोळ्यांना मात्र उंचावर, कडी लागणारी जागा करून द्या, आणि त्या काढून द्यायचं काम घरातल्या एका मोठ्या माणसानं घ्यावं. "माय, गोळ्या जपून ठेवत जा" एवढं बोलून शेतात निघून जाणं, हे काही व्यवस्था करणं नव्हे.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. आपण औषधाला त्याच्या नावानं हाक मारत नाही.

'औषध' हा शब्दच घ्या. डॉक्टर देतो ते औषध. कपाशीवर फवारतो ते औषध. ढेकणाचं औषध, उंदराचं औषध, गवत जाळायचं औषध, म्हशीला पाजायचं औषध. मोठ्यांना बोलण्याच्या ओघातून फरक कळतो. लेकराला शब्द एकच ऐकू येतो, आणि सकाळी आईनं प्रेमानं पाजलेलंही औषधच होतं. त्यावर कडी म्हणजे फवारणीचं उरलेलं आपण पाण्याच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओततो आणि न्हाणीघराच्या खिडकीत ठेवतो. माझी विनंती आहे, घरात 'औषध' फक्त दवाखान्याचं म्हणा. बाकीच्याला विष म्हणा. तोंड कडू होईल, होऊ दे.

दुसरं, 'चॉकलेट'. कडू गोळी खात नाही म्हणून आपण म्हणतो, खा राजा, चॉकलेट आहे. मीही माझ्या मुलीला म्हणायचे. त्या वेळेपुरतं काम होतं. पण आपण त्या लेकराला शिकवतो काय? की पाकिटातून निघणारी रंगीत, गोल, गुळगुळीत वस्तू चॉकलेट असते. मग आपण नसताना त्याला पाकीट सापडलं आणि त्यानं दहा खाल्ली, तर ते आपलंच ऐकत होतं. रडेल, थुंकेल, तरी सांगा: ही गोळी आहे, ताप जायला आहे, आई देईल तेव्हाच घ्यायची.

यात सगळ्यांत फसवी असते ती लाल गोळी. आशाताई घरी आणून देतात किंवा दवाखान्यातून मिळते, लोहाची. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. गोळी चांगली आहे, घेतलीच पाहिजे. आपल्याकडच्या बायकांच्या अंगात रक्त किती असतं ते मला ठाऊक आहे. पण विचार करा, ज्या घरात बाई गरोदर असते त्याच घरात बहुधा दीड-दोन वर्षांचं मोठं लेकरूही असतं. गोळी लालचुटुक, वरून जेम्ससारखी चकचकीत. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह. दहा किलोच्या लेकरानं चार खाल्ल्या तर पोटदुखी, उलट्या, जुलाब सुरू होऊ शकतात. दहा खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. रोज जी गोळी आईला रक्त देते, तीच.

आणि लोहाची एक लबाडी लक्षात ठेवा. सुरुवातीला उलट्या होतात, मग काही तासांनी थांबतात. लेकरू शांत होतं, कधी खेळायलाही लागतं. घरचे म्हणतात, निघून गेलं सगळं, चला घरी. त्या शांततेत लोह आत काम करत असतं, आणि नंतर लेकरू एकदम कोसळू शकतं. म्हणून अशा वेळी 'आता बरं वाटतंय' हे घरच्यांनी ठरवायचं नाही. ते डॉक्टर ठरवतील.

मापाबद्दल थोडं. तापाचं पॅरासिटामॉल ड्रॉप्समध्येही येतं, सिरपमध्येही. ड्रॉप्सची बाटली इवलीशी, म्हणून लोकांना वाटतं ते हलकं असतं. असतं उलट. ड्रॉप्सच्या एका मिलीमध्ये साधारण १०० मिलिग्रॅम औषध; सिरपच्या पाच मिलीमध्ये १२० किंवा १२५, आणि दुसऱ्या प्रकारच्या सिरपमध्ये २५०. दहा किलोच्या लेकराला एका वेळी साधारण १५० मिलिग्रॅम लागतं. आता डॉक्टरांनी मागच्या वेळी सिरप 'एक चमचा' सांगितलं होतं म्हणून आईनं या वेळी ड्रॉप्स एक चमचा पाजले, तर गेले ५०० मिलिग्रॅम, तिपटीहून जास्त. ताप उतरत नाही म्हणून तेच दिवसभर चालू ठेवलं की लिव्हरवर येतं. स्वयंपाकघरातला चमचा हे माप नव्हेच; माझ्या घरातले तीन चमचे मी मोजून पाहिले, तिघांचं तीन तऱ्हेचं निघालं. बाटलीबरोबर आलेलं मापाचं टोपण किंवा ड्रॉपर वापरा. हरवला असेल तर मेडिकलमध्ये बिनसुईची पाच मिलीची सिरिंज मागा. आणि 'मोठ्याची बाटली उरलीय, धाकट्याला देते' हे बंद करा. पावडरीत पाणी घालून हलवायची जी अँटिबायोटिकची बाटली असते ती एकदा कालवली की बहुतेक वेळा सातच दिवस चालते, तीही सांगितलं असेल तर फ्रिजमध्ये. तिच्यावर कालवल्याची तारीख लिहा. मागच्या पावसाळ्यातली बाटली घेऊन "हीच द्यायची का ताई" विचारायला येणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. विचारतात तरी, हेही काही कमी नाही.

बाटल्यांची अदलाबदल फक्त अडाण्यांच्या घरी होते असं कुणाला वाटत असेल तर यवतमाळ आठवा. ३१ जानेवारी २०२१ चा पोलिओ रविवार. घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या बारा लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुवायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. लेकरं बचावली. पाजणारी माणसं हेच काम करणारी होती. मग पहाटे तीनला, लाइट गेलेली, लेकरू तापानं फणफणलेलं, अशा वेळी मोबाइलच्या उजेडात आपण कोणती बाटली उचलतोय याची खात्री कोण देणार? एकदा नाव वाचल्याशिवाय टोपण उघडायचं नाही, एवढी सवय मी स्वतःला लावली आहे. नवरा हसतो, हसू दे.

आणि सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५. छिंदवाड्याकडची लेकरं किडन्या निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत आली. 'कोल्ड्रिफ' नावाचं खोकल्याचं सिरप. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेनं तपासलं तर डायइथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के, ते ०.१ टक्क्याच्या वर असताच कामा नये. वीसहून जास्त लेकरं गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. आपल्या जुन्या लोकांना मुंबईचं जे. जे. रुग्णालय आठवेल. १९८६ साली तिथं याच विषानं भेसळलेलं ग्लिसरीन पोटात जाऊन चौदा रुग्ण दगावले होते, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला होता. चाळीस वर्षांनी विष तेच.

यात आई-बापाची काय चूक? काहीच नाही. डॉक्टरनं लिहिलं, दुकानानं दिलं, त्यांनी पाजलं. पण त्या आठवड्यात माझ्या काउंटरवर जे झालं ते सांगते. महाराष्ट्राच्या एफडीएनं सांगितलं, एसआर-१३ ही बॅच कुणाकडं असेल तर वापरू नका. ते सिरप माझ्या दुकानात कधी नव्हतं, तरी लोक घरातली दिसेल ती बाटली घेऊन आले. निम्म्या बाटल्यांचं लेबल सिरपच्या ओघळांनी चिकट होऊन फाटलेलं. बॅच वाचताच येईना. मग विचारलं, बिल आहे का? कुणाकडं नव्हतं. असणार कुठून, "बिल पाहिजे का?" असं मीच विचारायचे, आणि लोक म्हणायचे नको. बिलावर नाव, बॅच, मुदत सगळं असतं. आता मी विचारत नाही, हातात देते. तुम्ही ते टाकू नका, औषध संपेपर्यंत बाटलीला रबरबँडनं बांधून ठेवा. त्याच दिवसांत केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पुन्हा बजावलं: दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीचं औषध नकोच, पाचच्या आतही सहसा नको. बहुतेक खोकले आपणहून जातात. आणि कुठलंही औषध चालू असताना लेकराची लघवी कमी झाली किंवा थांबली, तर सकाळची वाट बघू नका.

पुडीचंही सांगायला हवं. खेड्यातला दवाखाना कागदाच्या पुडीत पांढरी, पिवळी, गुलाबी अशा सुट्या गोळ्या देतो. 'एक सकाळी, एक संध्याकाळी.' नाव विचारायची आपल्याला लाज वाटते, डॉक्टर रागावतील असं वाटतं. विचारा. "साहेब, पुडीवर नावं लिहून द्या, घरात लहान लेकरू आहे," एवढं म्हटलं की रागवायला जागा राहत नाही.

इतकं करूनही कधी झालंच, तर? बोटं घालून उलटी काढू नका. मिठाचं पाणी, दूध, तूप, लिंबू काही नको. तोंडात उरलेली गोळी काढा. पाकीट, डबी, पुडी, उलटी झाली असेल तर तिच्यात काय दिसलं, सगळं बरोबर घ्या. किती होत्या, किती उरल्या, किती वाजता खाल्ल्या आणि लेकराचं वजन, एवढं सांगता आलं की डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो. १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र आहे, रात्रंदिवस, फुकट: १८०० ११६ ११७. आणि दोन लेकरं खेळत असतील तर दोघांनाही न्या. एकानं खाल्लं असेल तर दुसऱ्यालाही त्यानं दिलेलं असतं, लेकरं वाटून खातात.

मोठ्या लेकरांबद्दल मी थोडंच बोलणार आहे, कारण त्याबद्दल बोलताना माझा आवाज नीट राहत नाही. आमच्या भागात "त्यानं औषध घेतलं" असं कुणी हळू आवाजात सांगितलं, तर ऐकणारा माणूस खालीच बसतो. कुठलं औषध, हे विचारावं लागत नाही. दहावी-बारावीचा निकाल, मोबाइलवरून झालेलं भांडण, आणखी काही. तो वाईट क्षण डोक्यातून जातो, पण त्या वेळी हाताशी काय आहे यावर खूप अवलंबून असतं. म्हणून फवारणीचं असो की झोपेच्या गोळ्या, कुलूप लावा आणि किल्ली तुमच्याजवळ ठेवा. पोरावर अविश्वास म्हणून लावत नाही, त्याला वेळ मिळावा म्हणून लावतो. आणि पोरगं गप्प झालं असेल तर शेजारी बसून सरळ विचारा. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात येत नाही. मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन आहे, टेलिमानस, १४४१६, मराठीत बोलतात.

उरलेल्या जुन्या गोळ्यांचं म्हणाल, तर उकिरड्यावर पाकिटासकट फेकू नका, तिथं गाई आणि लेकरं दोन्ही असतात. पाकिटातून काढून राखेत किंवा चहाच्या चोथ्यात कालवायच्या, पिशवीत बांधून घंटागाडीत द्यायच्या. खात्री नसेल तर आणून दाखवा, कुठलाही मेडिकलवाला सांगेल.

मी आता पाकीट कापते ते मुदत आणि नाव गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर राहील असं. एकाच तुकड्यावर ते राहत असेल तर दुसऱ्या तुकड्याच्या गोळ्या छोट्या पाकिटात घालून वर लिहिते. गर्दीत वेळ लागतो. मागचा माणूस कुरकुरतो.

परवा त्या लेकराची आजी आली होती. तिला वाचता येत नाही. पिशवी सोडली आणि माझ्यासमोर पाकिटं मांडली. प्रत्येकाला तिनं दोरा बांधलेला: सकाळच्याला पिवळा, रात्रीच्याला काळा, अप्पांच्या शुगरच्या गोळीला लाल आणि त्याला दोन गाठी. पिशवीला आता छोटं कुलूप होतं. मी विचारलं, नातू कसा आहे? म्हणाली, "चांगला हाय. आता गोळीला चॉकलेट म्हणत नाही आम्ही. मी सांगितलं त्याला, बाळा, ही माझी आजाराची गोळी हाय, ज्याला आजार त्यालाच गोळी."

"मग काय म्हणाला?"

"म्हणतो कसा, मला पण दे की थोडा आजार."